साखरेचा हिशोब ठेवणारी बाई : गर्टी कोरी

दिवाळी म्हटली की लाडू, करंज्या, शंकरपाळे आणि चिरोटे आलेच. आणि आपल्या वयाच्या मंडळींच्या बाबतीत, दिवाळीनंतर महिन्याभरात येणारा ब्लड टेस्टचा रिपोर्टही आलाच! त्या रिपोर्टवर एक आकडा असतो, 'फास्टिंग शुगर'. बऱ्याच जणांना हा आकडा कोड्यात टाकतो. रात्री आठ वाजता जेवलो, त्यानंतर पाण्याशिवाय काही घेतलं नाही, गोड तर चार दिवस बंद आहे, मग सकाळी उपाशीपोटी रक्तात एवढी साखर आली कुठून?

याचं उत्तर असं, की ती साखर आपल्याच शरीरानं रात्रभरात कोठारातून काढलेली आणि थोडी नव्यानं बनवलेली असते. शरीरात हे कोठार कुठे आहे, त्याला कुलूप कुठलं, किल्ली कोणाकडे, आणि किल्ली हरवली तर काय होतं, या गोष्टी शोधून काढण्यात ज्यांनी आयुष्य घातलं त्यांत एक नाव फार मोठं आहे, डॉ. गर्टी कोरी. वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळवणारी जगातली पहिली स्त्री, आणि विज्ञानातलं नोबेल मिळवणारी पहिली अमेरिकन स्त्री. अमेरिकन खरी, पण आपल्यासारखीच बाहेरून आलेली. दोन बॅगा आणि एक पदवी घेऊन परक्या देशात उतरलेल्या माणसाला त्यांची गोष्ट विशेष जवळची वाटेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रागमधलं बालपण

गर्टी तेरेसा रॅडनिट्झचा जन्म १५ ऑगस्ट १८९६चा. (आपल्याला ही तारीख लक्षात ठेवायला काही कष्ट नकोत.) गाव प्राग, जे तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं. घर ज्यू. वडील ऑटो रॅडनिट्झ हे रसायनतज्ज्ञ आणि साखर कारखान्यांचे व्यवस्थापक होते. नगर-सांगली-कोल्हापूरकडच्या मंडळींना साखर कारखाना म्हटल्यावर उसाच्या मोळ्या आणि मळीचा वास आठवेल, पण तिकडची साखर बीटाची. साखर शुद्ध करण्याची एक पद्धतही वडिलांच्या नावावर होती. थोडक्यात, या मुलीच्या घरात चूल पेटायची ती साखरेवरच. पुढे तिनं जन्मभर साखरेचाच पाठपुरावा करावा हा योगायोगच म्हणायचा.

तीन बहिणींत गर्टी थोरली. दहा वर्षांची होईपर्यंत शिक्षण घरीच झालं, मग मुलींच्या शाळेत. तेव्हाच्या मुलींच्या शाळा म्हणजे चार लोकांत वावरण्यापुरतं शिकवून मुलीला लग्नाला तयार करणाऱ्या. गर्टीचे एक मामा बालरोगांचे प्राध्यापक होते. त्यांनी सुचवलं की तू डॉक्टर हो. सुचवणं सोपं होतं, पण मेडिकलच्या प्रवेशासाठी लागणारं लॅटिन, गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र यांतलं जवळजवळ काहीच मुलींच्या शाळेत शिकवलेलं नव्हतं. मुलं आठ वर्षं जे लॅटिन घोकत, ते आणि पाच वर्षांचं शास्त्र-गणित या मुलीनं साधारण वर्षभरात पुरं केलं, प्रवेश परीक्षा दिली, आणि १९१४ साली, अठराव्या वर्षी, प्रागच्या जर्मन विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत दाखल झाली.

तिथेच वर्गात कार्ल कोरी नावाचा मुलगा होता. उंच, गोरा, अबोल. त्याचे वडील समुद्रकाठच्या त्रिएस्त गावी सागरी जीवशास्त्राच्या केंद्राचे संचालक. गर्टी बोलकी, हसरी, चटपटीत. दोघांनाही डोंगर चढायची आवड आणि दोघांनाही दवाखान्यापेक्षा प्रयोगशाळेची ओढ. पहिल्या महायुद्धात कार्लला सैन्यात जावं लागलं, पण युद्ध संपल्यावर दोघं परत एकत्र आले आणि विद्यार्थी असतानाच त्यांनी एकत्र संशोधन केलं. १९२० साली दोघं डॉक्टर झाले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्हिएन्नात त्यांचं लग्न झालं. लग्नासाठी गर्टीनं कॅथलिक धर्म स्वीकारला, तरी कार्लच्या घरच्यांची धाकधूक गेली नाही. ज्यू बायको म्हणजे मुलाच्या करिअरला अडथळा, असं त्यांना वाटत होतं. त्या वेळच्या मध्य युरोपात ही भीती निराधार नव्हती.

व्हिएन्ना ते बफेलो

युद्धानंतरची व्हिएन्ना म्हणजे उपासमार. डॉ. गर्टी कोरी एका बालरुग्णालयात काम करत होत्या, आणि मोबदला काय, तर जेवण. तेही इतकं निकृष्ट की 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावानं त्यांचे डोळे बिघडू लागले. कार्ल ग्राझला गेले, तर तिथे नोकरीसाठी वंश सिद्ध करायला सांगण्यात आलं. वारं कुठल्या दिशेनं वाहतंय हे दोघांनाही कळलं. युरोप सोडायचा, हे ठरलं.

१९२२ साली कार्लना न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो इथे कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेत नोकरी मिळाली. कार्ल आधी गेले. गर्टीबाई सहा महिन्यांनी, तिथे साहाय्यकाची जागा मिळाल्यावर. नवरा आधी, बायको मागून, हा क्रम आपल्यापैकी कित्येक घरांनी अनुभवलेला आहे. नंतरचा अनुभवही ओळखीचा वाटेल. नवऱ्याइतकीच पदवी, तितकीच हुशारी, पण जागा मात्र खालची. त्यातून दोघं एकाच विषयावर एकत्र काम करतात हे वरिष्ठांना मुळीच पसंत नव्हतं. आपापलं वेगळं काम करा, नाहीतर बाईंची नोकरी जाईल, अशी तंबी मिळाली. दोघांनी ऐकून घेतलं आणि एकत्र काम चालूच ठेवलं.

पुढे एका विद्यापीठानं कार्लना चांगल्या जागेचा देकार दिला. अट एकच, बायकोबरोबर काम करायचं नाही. गर्टीबाईंना बाजूला घेऊन समजावण्यात आलं की तुम्ही नवऱ्याच्या वाटेत येताय, आणि नवऱ्यानं बायकोबरोबर काम करणं ही अमेरिकन पद्धतच नव्हे. त्या रडल्या असं सांगतात. कार्लनी ती जागा नाकारली. आज डिपेंडंट व्हिसावर आलेल्या, हातात डिग्री असून घरी बसाव्या लागलेल्या मुलींना यातलं दुःख वेगळं समजावून सांगायला नको. पण कार्लचा नकारही लक्षात ठेवण्यासारखा आहे. तो त्यांच्यासाठी फुकटचा नव्हता.

१९२८ साली दोघं अमेरिकेचे नागरिक झाले.

कोंबडीचा पंख आणि कॅन्सर

संस्था कॅन्सरची होती, म्हणून सुरुवातीचं काही काम त्या विषयावरचं. त्या सुमारास बर्लिनमध्ये ऑटो वॉरबर्ग यांनी दाखवलं होतं की कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज अधाशासारखं खातात आणि भरपूर ऑक्सिजन असूनही ते पुरतं न जाळता त्याचं लॅक्टिक अॅसिड करून टाकतात. पण हे दिसलं होतं शरीराबाहेर काढलेल्या पेशींत. जिवंत प्राण्यातही असं होतं का?

कोरी दांपत्यानं १९२५ साली एक साधा पण फार सुंदर प्रयोग केला. त्यांनी अशा कोंबड्या घेतल्या, ज्यांच्या एकाच पंखावर गाठ होती. दोन्ही पंखांतून परत येणाऱ्या रक्तातली साखर आणि लॅक्टिक अॅसिड मोजलं. गाठीच्या बाजूच्या रक्तात साखर कमी आणि लॅक्टिक अॅसिड जास्त. म्हणजे वॉरबर्ग म्हणत होते ते जिवंत शरीरातही खरं होतं.

आज कॅन्सरच्या पेशंटचा पेट स्कॅन होतो तो पेशींच्या याच अधाशीपणावर चालतो. ते कसं, हे थोड्या वेळानं पाहू. आधी साखरेचा रस्ता समजून घ्यायला हवा.

दहा पायऱ्यांचा जिना

आपण भात खा, पोळी खा, नाहीतर बेसनाचा लाडू खा, त्यातले कर्बोदक पदार्थ शेवटी बहुतांशी ग्लुकोज होऊनच रक्तात उतरतात. पेशीत शिरल्यावर या ग्लुकोजचे दहा टप्प्यांत तुकडे होतात. या जिन्याला ग्लायकोलिसिस म्हणतात. प्रत्येक पायरीवर एक एन्झाइम बसलेलं असतं. शाळेच्या मराठी पुस्तकात आपण याला 'विकर' म्हणत होतो. विकर स्वतः खर्च होत नाही, पण त्याच्याशिवाय ती पायरी उतरता येत नाही. वरून एक ग्लुकोज सोडलं की खाली पायरुवेटचे दोन रेणू मिळतात आणि पेशीच्या हातात एटीपी या ऊर्जेच्या नाण्याची निव्वळ दोन नाणी पडतात. ऑक्सिजन असेल तर पायरुवेट पुढच्या भट्टीत जाऊन आणखी बरीच नाणी देतं. नसेल, तर त्याचं लॅक्टिक अॅसिड होतं.

दहाही पायऱ्या सारख्या महत्त्वाच्या नाहीत. कॅनॉलवर जसा पाटकरी असतो, वरून पाणी कितीही येवो, कुठल्या शेताला किती सोडायचं हे त्याच्या हातात, तसे या जिन्यावर तीन पाटकरी आहेत. पहिला हेक्सोकायनेज. तो आत आलेल्या ग्लुकोजला फॉस्फेटचं कुलूप लावतो, म्हणजे ते पेशीबाहेर निसटत नाही. दुसरा, मधला आणि सगळ्यांत कडक, फॉस्फोफ्रुक्टोकायनेज. पेशीत एटीपी भरपूर असलं की हा दार लोटून घेतो, आणि एटीपी खर्च होऊन त्याचा उरलेला भाग, एएमपी, वाढला की दार उघडतो. म्हणजे पैसे संपत आल्याची खबर खिशातूनच येते आणि तिजोरी उघडते. तिसरा, शेवटाकडचा पायरुवेट कायनेज. हे तिघं शुद्धीवर असतात तोवर पेशीचा संसार नीट चालतो. यातला एखादा जन्मतःच अधू असेल तर आजार होतो. उदाहरणार्थ, पायरुवेट कायनेज कमी पडलं की तांबड्या पेशी अकाली फुटतात आणि अॅनिमिया होतो.

हे सगळं चित्र कोण्या एकानं काढलेलं नाही. जर्मनीत एम्बडेन, मायरहॉफ, वॉरबर्ग आणि इतर अनेकांनी ते पायरी-पायरीनं उभं केलं. कोरींचा वाटा दोन ठिकाणचा. एक म्हणजे जिन्याच्या वरचं कोठार, आणि दुसरं म्हणजे यकृत आणि स्नायू यांच्यातला व्यवहार.

कल्हईचा व्यवहार

जास्तीचं ग्लुकोज शरीर साखळ्या करून साठवतं. या साखळ्यांच्या गुंत्याला ग्लायकोजेन म्हणतात. हे ग्लायकोजेन मुख्यतः दोन ठिकाणी असतं, यकृतात आणि स्नायूंत. कोरींनी बफेलोत मोजमापाचा धडाका लावला. उंदरांना किती साखर दिली, किती शोषली गेली, यकृतात किती गेली, स्नायूंत किती, किती जळली, सगळ्याचा जमाखर्च. इन्सुलिन दिलं की काय होतं आणि अॅड्रेनलिन दिलं की काय होतं, त्याचाही. यातून १९२९ साली त्यांनी जे मांडलं ते आज जगभर 'कोरी सायकल' म्हणून शिकवलं जातं.

आपण धावत सुटलो, की स्नायू घाईघाईनं ग्लुकोज फोडतात आणि लॅक्टिक अॅसिड रक्तात सोडून देतात. ते वाया जात नाही. यकृत ते उचलतं, त्याचं पुन्हा ग्लुकोज करतं आणि रक्तात परत पाठवतं. पूर्वी पितळेची भांडी कल्हईला जायची आणि झळझळीत होऊन परत यायची, तसंच. मात्र कल्हई फुकट होत नाही. स्नायूला एका ग्लुकोजमागे दोन एटीपी मिळतात, पण तेच ग्लुकोज परत घडवायला यकृताला सहा मोजावी लागतात. यकृत हा भुर्दंड सोसतं, म्हणून स्नायूला अडीनडीला पळता येतं.

बफेलोत असताना दोघांनी मिळून पन्नासच्या आसपास शोधनिबंध लिहिले, आणि गर्टीबाईंनी एकटीच्या नावावरही अकरा.

सेंट लुईस

१९३१ साली कार्लना सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत औषधशास्त्र विभागाचं प्रमुखपद मिळालं. गर्टीबाईंनाही काम मिळालं, पण संशोधन साहाय्यकाचं आणि तुटपुंज्या पगारावर. प्रयोगशाळेतला हुद्दा असा, आणि प्रत्यक्षात प्रयोगशाळा चालायची ती त्यांच्याच दमावर. सकाळपासून सिगरेट ओढत, नव्यानव्या जर्नलमधलं काय वाचलं ते कार्लला सांगायला कॉरिडॉरमधून धावत जाणाऱ्या बाई, असं त्यांचं वर्णन विद्यार्थ्यांनी केलेलं आहे. आकड्यात चूक झालेली त्यांना अजिबात खपत नसे. चुकणाऱ्याला त्या फाडून खात आणि बरोबर असणाऱ्याच्या पाठीशी उभ्या राहत.

इथे १९३६ साली मोठा शोध लागला. बेडकाच्या स्नायूंचा खिमा पाण्यानं पुन्हा पुन्हा धुऊन त्यात फॉस्फेट घातल्यावर एक नवाच पदार्थ जमा होऊ लागला. ग्लुकोजच्या रेणूला पहिल्या जागी फॉस्फेट चिकटलेलं, ग्लुकोज-१-फॉस्फेट. आज त्याला 'कोरी एस्टर' म्हणतात. अर्थ असा की कोठारातली साखळी तोडताना पेशी पाणी वापरत नाही, फॉस्फेट वापरते. दाणा सुटतानाच त्याला कुलूप लागलेलं असतं, वेगळी शक्ती खर्च करावी लागत नाही.

इथे एक भारतीय धागा आहे. फॉस्फेट अचूक मोजता आल्याशिवाय असली रसायनं उलगडणं अशक्यच. त्या काळी जगभरच्या प्रयोगशाळांत त्यासाठी वापरली जाणारी पद्धत १९२५ साली बोस्टनमध्ये सायरस फिस्के यांच्याबरोबर आंध्रच्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी बसवली होती. तेही असेच, परदेशी येऊन पडेल ते काम करत शिकलेले.

त्याच १९३६च्या ऑगस्टमध्ये, सेंट लुईसच्या जीवघेण्या उकाड्यात, गर्टीबाईंना मुलगा झाला. वय चाळीस. अगदी शेवटच्या घटकेपर्यंत त्या प्रयोगशाळेतच होत्या, आणि थोड्याच दिवसांत परत टेबलाशी.

साखळी तोडणाऱ्या विकराला त्यांनी नाव दिलं फॉस्फोरिलेज. १९३९मध्ये त्याच्याच मदतीनं त्यांनी उलटा प्रयोग करून परीक्षानळीत साखळी जोडून दाखवली. सजीवाच्या बाहेर एवढा मोठा रेणू तयार होताना बघणं ही तेव्हा अद्भुत गोष्ट होती. (शरीरात मात्र जोडणीचा रस्ता निराळा असतो, हे पुढे १९५७ साली लुई लेलॉर यांनी दाखवलं. ते एके काळी कोरींच्याच प्रयोगशाळेत काम करून गेलेले!) फॉस्फोरिलेज दोन रूपांत असतं, एक जागं आणि एक झोपलेलं, आणि झोपलेल्याला एएमपी जागं करतं, हेही इथेच कळलं. वर पाटकऱ्याची जी गोष्ट सांगितली, विकराला पेशीची गरज 'कळते' ती कशी, या सगळ्या विचाराची ही पहिली पायवाट.

पुढे १९४८ साली जिन्यावरच्या दोन विकरांचे, अॅल्डोलेज आणि ग्लिसराल्डिहाइड-३-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज (नाव मारुतीच्या शेपटीसारखं आहे, सोडून द्या), सशाच्या स्नायूंतून काढलेले शुद्ध स्फटिक त्यांच्या प्रयोगशाळेतून प्रसिद्ध झाले. यांतल्या दुसऱ्या निबंधावर पहिलं नाव गर्टीबाईंचं आहे.

सगळंच बरोबर ठरलं असंही नाही. इन्सुलिन हे हेक्सोकायनेजवरची बंधनं सैल करून काम करतं असं त्यांच्या प्रयोगशाळेनं १९४५ साली मांडलं होतं. त्याचा गाजावाजाही खूप झाला. पण इतरांना तो निकाल मिळेना, आणि कल्पना मागे पडली. इन्सुलिन स्नायूपेशीचं साखर आत घेण्याचं दारच उघडतं, हे नंतर उलगडलं.

नोबेल आणि निदान

१९४७ साली गर्टीबाईंना अखेर प्रोफेसरपद मिळालं. विद्यापीठात येऊन सोळा वर्षं झाली होती. आणि काही महिन्यांतच बातमी आली, त्या वर्षीचं नोबेल पारितोषिक गर्टी आणि कार्ल कोरी, आणि त्यांच्याबरोबर अर्जेंटिनाचे बर्नार्दो हुसे यांना. मारी क्यूरी आणि त्यांची मुलगी इरेन यांच्यानंतर विज्ञानातलं नोबेल मिळवणाऱ्या त्या तिसऱ्या स्त्री, आणि नोबेल एकत्र मिळवणारं हे तिसरं जोडपं.

पण त्याच उन्हाळ्यात कोलोरॅडोच्या डोंगरांत चढण चढताना त्या कोसळल्या होत्या. तपासण्या झाल्या. अस्थिमज्जा कडक होत जाणारा रोग, मायलोस्क्लेरोसिस. रक्त बनणंच हळूहळू बंद होणार, आणि त्याला इलाज नाही. नोबेल घ्यायला स्टॉकहोमला निघताना दोघांनाही हे माहीत होतं.

यानंतर त्या दहा वर्षं जगल्या, वारंवार रक्त चढवून घेत. शक्ती कमी झाली तसा ऑफिसात एक कॉट आणून ठेवला. थोडं काम, थोडी विश्रांती, पुन्हा काम. चालवेना तेव्हा कार्ल त्यांना उचलून नेत. आणि नवल असं, की माणसाच्या आजारांच्या दृष्टीनं त्यांचं सगळ्यांत मोलाचं काम याच दहा वर्षांतलं आहे.

किल्ली हरवलेली मुलं

काही लहान मुलांचं यकृत फुगलेलं असतं. दोन-तीन तास दूध मिळालं नाही की रक्तातली साखर धोक्याइतकी खाली जाते आणि झटके येतात. कोठार तर ग्लायकोजेननं ओसंडून वाहत असतं, मग साखर बाहेर का येत नाही?

गर्टीबाईंना कुलूप-किल्लीचा सगळा हिशोब तोंडपाठ होता. ग्लुकोजला फॉस्फेट लागलं की ते पेशीबाहेर पडू शकत नाही. स्नायूंकडे ते काढण्याची सोय नसते, म्हणून स्नायूची साखर स्नायूपुरतीच. यकृताकडे मात्र ग्लुकोज-६-फॉस्फेटेज नावाची किल्ली असते. तिनं कुलूप काढून यकृत सगळ्या शरीराला, मुख्यतः मेंदूला, साखर पुरवतं. १९५२ साली कोरी दांपत्यानं अशा मुलांच्या यकृताचे नमुने तपासले आणि काही मुलांत ही किल्लीच नसल्याचं दाखवून दिलं. वॉन गिर्के या नावानं ओळखला जाणारा आजार तो हाच. माणसाचा एखादा आनुवंशिक आजार अमुक एका विकराच्या अभावामुळे होतो, हे त्या अवयवातच मोजून सिद्ध होण्याची ही पहिली वेळ.

मग त्यांनी आणखी मुलांचे नमुने तपासले. एकाच नावाखाली मोडणारे हे आजार प्रत्यक्षात चार वेगवेगळे आहेत, प्रत्येकात बिघाड वेगळा, असं दाखवलं. एकात साखळीचे फाटे तोडणारं विकर नसतं. तो आज 'कोरी डिसीज' म्हणून ओळखला जातो. तेव्हा या मुलांना देण्यासारखं औषध नव्हतं. पण बिघाड कुठे आहे हे कळल्यामुळेच १९८०च्या दशकात एक अगदी घरगुती उपाय निघाला. आपण सूप दाट करायला वापरतो ते कॉर्नफ्लोर न शिजवता, ठरावीक तासांनी, डॉक्टरांच्या मापानं पाण्यातून द्यायचं. ते पोटात सावकाश पचतं आणि थेंब थेंब साखर देत राहतं. बंद पडलेल्या यकृताचं काम चमचाभर पिठानं! त्यामुळे पुष्कळ मुलं मोठी होऊन संसाराला लागली.

गर्टी कोरी २६ ऑक्टोबर १९५७ रोजी सेंट लुईसला घरी वारल्या. वय एकसष्ट. कार्ल आणखी सत्तावीस वर्षं जगले.

आपल्या रिपोर्टपर्यंत

आता सकाळच्या त्या आकड्याकडे येऊ. रात्री आपण झोपतो तेव्हा यकृत कुलपं काढून थोडी थोडी साखर सोडत असतं, शिवाय लॅक्टिक अॅसिडसारख्या मालापासून नवीही घडवत असतं. हे व्हायलाच हवं, नाहीतर मेंदूला रात्र काढता येणार नाही. पुरे, आता थांब, हे यकृताला सांगण्याचं काम इन्सुलिनचं. टाइप टू डायबेटिसमध्ये यकृत इन्सुलिनचं नीट ऐकत नाही आणि रात्रभर साखर सोडत राहतं. म्हणून काही न खाताही फास्टिंग शुगर वाढलेली. मेटफॉर्मिन ही आपल्यापैकी अनेकांच्या गोळ्यांच्या डबीत असलेली गोळी मुख्यतः यकृताच्या या उद्योगालाच आळा घालते. आपल्या दक्षिण आशियाई लोकांना हा आजार तुलनेनं कमी वजनातही आणि लवकर गाठतो, तेव्हा हा आकडा जाडजूड माणसांनीच बघायचा असतो असं समजू नये.

आणि पेट स्कॅन? त्यात ग्लुकोजसारखाच दिसणारा, किंचित किरणोत्सारी असा एक तोतया शिरेतून देतात. माणसावर तो पहिल्यांदा १९७६ साली वापरला गेला. पेशी त्याला ग्लुकोज समजून आत घेते, हेक्सोकायनेज त्याला कुलूप लावतं, पण जिन्याची पुढची पायरी काही त्याला उतरता येत नाही आणि बाहेरही पडता येत नाही. जी पेशी अधाशी, तिच्यात तो जास्त साठतो, आणि स्कॅनवर तेवढी जागा चमकते. कोंबडीच्या पंखातल्या रक्तात कोरींनी जे मोजलं, ते आज पडद्यावर दिसतं.

गर्टी-कार्ल यांच्या प्रयोगशाळेतून गेलेल्यांपैकी ओचोआ, कोर्नबर्ग, लेलॉर, सदरलँड, द दूव आणि क्रेब्ज अशा सहा जणांना पुढे नोबेल मिळालं. ज्या काळात अनेक विद्यापीठं ज्यूंना आणि बायकांना दारातूनच परत पाठवत, त्या काळात या प्रयोगशाळेत माणूस निवडताना कामाखेरीज काही बघितलं जात नसे. दारातून परत पाठवलं गेल्याचा अनुभव मालकीणबाईंना स्वतःलाच होता. २००४ साली अमेरिकन केमिकल सोसायटीनं त्यांचं तिथलं कार्य राष्ट्रीय ऐतिहासिक ठेवा म्हणून जाहीर केलं. सेंट लुईसला कुणा नातेवाइकांकडे जाणं झालं तर आर्च पाहून झाल्यावर तिकडेही चक्कर मारा.

२००८ साली अमेरिकेच्या पोस्ट खात्यानं त्यांच्या नावाचं ४१ सेंटचं तिकीट काढलं. चित्रात गर्टीबाई आणि शेजारी ग्लुकोज-१-फॉस्फेटची रचना. तिकीट छापून झाल्यावर रसायनशास्त्रज्ञांच्या लक्षात आलं, की त्या रचनेत एक बंध चुकीच्या जागी काढलाय. विद्यार्थ्याच्या वहीत ही चूक दिसती, तर गर्टीबाईंनी त्याची काय गत केली असती, याची कल्पनाच केलेली बरी.